गेटची किल्ली कुणाकडे

२०१०च्या मे महिन्यात आम्ही लिमरिकमधलं भाड्याचं घर सोडलं आणि एका जुन्या कॅम्परव्हॅनमध्ये राहायला गेलो. हौस म्हणून गेलो, असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं असं होतं की आधी नवऱ्याची नोकरी गेली, पाच महिन्यांनी माझीही गेली, आणि ज्या मित्राने ती व्हॅन आम्हाला दिली तो सगळं आवरून कायमचा पुण्याला निघाला होता. आयर्लंडमध्ये कुठेही काम करायची मुभा देणारा शिक्का आमच्या पासपोर्टवर होता, पण काम कुठेच नव्हतं.

त्यातच सासूबाई यायच्या होत्या. त्यांचं तिकीट नोकऱ्या जाण्याआधी काढलेलं. "पुढच्या वर्षी ये" असं आईला सांगायचं नवऱ्याने दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवला. त्या आल्या. कराडजवळच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई. व्हॅनमध्ये शिरल्या, झोपायचं कुठं, संडास कुठला आणि गॅस कुठं बंद होतो एवढं बघितलं आणि म्हणाल्या, "बरं हाय की. आमच्या सब-सेंटरच्या खोलीपेक्षा मोठं हाय."

त्याच आठवड्यात मला काम मिळालं. केरीच्या किनाऱ्यावर, ट्रलीपासून तासाभरावर, एक कॅम्पसाइट होती. उन्हाळ्यापुरतं माणूस हवं होतं. मालकाशी फोनवर चार मिनिटं बोलणं झालं. सकाळी टॉयलेटं आणि शॉवर साफ करायचे, मग ऑफिसात बसायचं, येणाऱ्यांना जागा दाखवायची. बदल्यात व्हॅनला जागा, वीज, पाणी आणि थोडा पगार. मी फक्त एकच विचारलं, "कधीपासून येऊ?"

हे लिहिताना आजही लाज वाटते, कारण मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. 'असं झालं तर काय, तसं झालं तर काय' हे विचारण्याचाच मला नऊ वर्षं पगार मिळत होता.

सासूबाईंनी मात्र चहा पिता पिता विचारलं.

"सुट्टी कवा?"

"बोलणं नाही झालं."

"मालक तिथंच राहतो?"

"असेल तिथेच."

"आणि तो नसला तर मोठं कोण?"

"आई, कॅम्पसाइट आहे ती. दवाखाना नाही."

त्यांनी कप विसळायला घेतला. मला वाटलं, पटलं.

जूनच्या सुरुवातीला आम्ही तिथे पोचलो. समोर समुद्र, मागे डोंगर, मध्ये उतारावरचं हिरवं शेत. फोटोत दिसलं होतं तसंच. फोटोत न दिसलेला कोपरा आमच्या वाट्याला आला. एका बाजूला कचऱ्याचे मोठे डबे, दुसऱ्या बाजूला सांडपाण्याची टाकी. ऑफिसच्या दारावर नऊ ते सहा अशी वेळ लिहिलेली होती, आमच्या व्हॅनच्या दारावर काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे लोक कधीही टकटक करत. गरम पाणी येत नाहीये. शेजाऱ्याचा कुत्रा आमच्या तंबूत आलाय. एकदा तर मी केस धूत असताना एक गृहस्थ खिडकीतून टॉयलेट पेपर मागत होते.

मालक साठीचा, सतत घाईत असलेला माणूस. वाईट नव्हता. पण काहीही विचारलं की त्याचं एकच उत्तर, "ग्रँड." म्हणजे सगळं ठीक, काळजी नको. फर्स्ट एडचा डबा? प्रेसमध्ये आहे, यू विल बी ग्रँड. प्रेस म्हणजे कपाट, हे आम्हाला एव्हाना कळत होतं. त्या डब्यात एक बँडेजचा रोल निघाला आणि बॅटरी संपलेला टॉर्च. ऑफिसातला फोन बंद होता, दुरुस्त करणारा कधीही येईल, ग्रँड. मोबाइलला खाली शेतात रेंज नव्हती. वर रस्त्याकडेच्या दगडी भिंतीजवळ उभं राहिलं तर दोन काड्या दिसायच्या.

आणि गेट. तिथे न राहणारे लोक आत येऊन शॉवर वापरून जातात म्हणून मालकाने दुपारी गेटला कुलूप लावायला सुरुवात केली होती. पायी जाणाऱ्यांसाठी बाजूला अरुंद फट होती, गाडी काढायची तर त्याला बोलवायचं. किल्ली त्याच्या जॅकेटच्या खिशात.

जुलैच्या मध्यात तो दिवस आला. नवऱ्याला लिमरिकला मुलाखत होती. तो सकाळी व्हॅन घेऊन गेला, म्हणजे आमचं घरच घेऊन गेला. मी आणि सासूबाई एक पिशवी, दोन छत्र्या, नवऱ्याचा रेनकोट, बूट आणि पोळीभाजीचा डबा घेऊन ऑफिसात बसलो. बाराच्या सुमाराला मालक काळा सूट घालून आला. शेजारच्या गावात कुणाची तरी अंत्ययात्रा होती. चहापर्यंत येतो म्हणाला. गेटला कुलूप लावून निघत होता.

"किल्ली ठेवून जाता का?" मी विचारलं.

"एकच आहे. आणि या वेळेत कोण येतंय? यू विल बी ग्रँड."

मी मान हलवली. आणखी एकदा विचारायला हवं होतं. पण दीड महिन्यात मला त्या शब्दाची सवय झाली होती, इतकी की मीही तो वापरायला लागले होते.

एक वाजता निळ्या तंबूतली बाई आली. बरोबर चारेक वर्षांची मुलगी. ऑफिसात आम्ही वापरून टाकायचे बार्बेक्यू विकायचो. ॲल्युमिनियमचा उथळ ट्रे, त्यात कोळसा, वर जाळी. तिने एक घेतला. दाराबाहेर आभाळाकडे बघून तिने विचारलं, "आणि पाऊस आला तर?"

"ग्रँड," मी म्हणाले. "तंबूच्या पुढच्या भागात ओढून घ्या."

अगदी हेच शब्द. मी ते मालकाच्या सुरात म्हणाले, हसून म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले.

दोनच्या आधीच पाऊस आला. आडवा, समुद्राकडून येणारा. सगळे आपापल्या तंबूत, कॅराव्हॅनमध्ये गडप झाले. अडीचच्या सुमाराला सासूबाई टॉयलेटला जाऊन परत आल्या त्या धापा टाकत. अंगात मुलाचा रेनकोट, पायात त्याचेच गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, साडी वर खोचलेली.

"त्या निळ्या तंबूत शेगडी आत घेतलीया. वास येतोय. हाक मारली तर बाई ओ देईना."

"झोपली असेल आई. पाऊस आहे."

"झोपली न्हाई ती," त्या म्हणाल्या. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "चल म्हणते ना."

आम्ही धावलो. तंबूची चेन पूर्ण खालपर्यंत लावलेली होती. ओली होती, अडकत होती. मी ती खेचली तेव्हा आतून ऊबदार हवा तोंडावर आली. धूर नव्हता. मला सगळ्यात भीती त्याची वाटली, की आत धोक्याचं असं काहीच दिसत नव्हतं. पुढच्या भागात तो ट्रे होता, वरून राखाडी, निवल्यासारखा. आतल्या भागात बाई कुशीवर पडली होती, डोळे अर्धवट उघडे. शेजारी मुलगी. तिचा चेहरा लालसर, उशीवर ओकारी पडलेली.

"श्वास धर," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला आधी."

मी आत घुसले आणि मुलीला काखेत धरून बाहेर ओढलं. तिची मान माझ्या दंडावरून लोंबत होती. सासूबाईंनी तिला ओल्या गवतावर कुशीवर घातलं, कान तिच्या नाकाशी नेला. तो क्षण किती लांबला ते मला सांगता येणार नाही.

"चालू हाय. आता तिला."

बाई जड होती. आम्ही दोघींनी तिला स्लीपिंग बॅगसकट ओढलं. पाऊस तिच्या तोंडावर पडत होता, तरी तिला काही कळत नव्हतं. सासूबाई दोघींच्या मधे चिखलात बसल्या, एक हात मुलीच्या पाठीवर, एक आईच्या गालावर. "तू फोनला जा. मी हाय हितं."

मी चढ चढत पळाले. गेटच्या बाजूच्या फटीतून बाहेर, भिंतीपाशी. एक काडी. हात इतके ओले होते की बटणं दाबली जाईनात. आणीबाणीच्या नंबरला फोन लागला. पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं, कुठे आहात? मी कॅम्पसाइटचं नाव सांगितलं. ती म्हणाली, या नावाची जागा मला दिसत नाही, टाउनलँड कुठलं? म्हणजे ज्या वाडीत ती जागा आहे तिचं नाव. इथे पत्ता तसाच सांगतात. मला ते माहीत नव्हतं. दीड महिना मी तिथे राहत होते, रोज लोकांना तिथे कसं यायचं ते सांगत होते, आणि मी उभी होते त्या जमिनीचं नाव मला माहीत नव्हतं.

"समुद्र आहे," मी म्हणाले. "डोंगर आहे." त्या किनाऱ्यावर दुसरं काय असणार?

तेवढ्यात रस्त्यावरून ट्रॅक्टर आला. मी सरळ त्याच्यापुढे उभी राहिले. चालवणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातात फोन कोंबला आणि ओरडले, "यांना ही जागा कुठे आहे ते सांगा!" त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, प्रश्न विचारला नाही. नाव सांगितलं, कुठल्या फाट्यावरून वळायचं ते सांगितलं, कुठला पूल ते सांगितलं. फोन परत देऊन गेटकडे बघितलं.

"किल्ली?"

"अंत्ययात्रेला गेलीय."

त्याने उतरून कुलूप हलवून बघितलं. मग ट्रॅक्टर वळवला, पुढचे लोखंडी सुळे गेटच्या खाली घातले आणि उचलले. बिजागऱ्या कर्कश ओरडल्या. गेट उखडून गवतात पडलं.

मी परत खाली आले तेव्हा मुलगी रडत होती.  आजूबाजूच्या तंबूंतून लोक आले होते. कुणी ब्लँकेट आणलं होतं, कुणी छत्री धरली होती. एक जण म्हणत होता, माझ्या गाडीत ठेवू या, गारठतील. सासूबाई त्याला मराठीत नाही म्हणत होत्या. मी तर्जुमा केला, दारं सताड उघडी ठेवणार असाल तरच. आई डोळे उघडून पुन्हा मिटत होती. सासूबाई तिला सारख्या टपल्या मारत होत्या आणि कराडच्या बोलीत रागावत होत्या, "उठ गं बाई, निजू नगंस, पोर बघ तुझी." तिला काय कळत होतं देव जाणे, पण दर वेळी ती डोळे उघडायची.

ॲम्ब्युलन्स ट्रलीहून आली. पाऊण तास लागला. उघड्या गेटमधून ती थेट तंबूपर्यंत आली. दोघींना ऑक्सिजन लावत असतानाच मुलीचे वडील चढावरून खाली आले. गावातल्या दुकानात चालत गेले होते, हातात पाव आणि दूध. लोकांचा घोळका बघून ते थांबले, मग पळायला लागले. दूध कुठे पडलं ते त्यांनी बघितलंही नाही.

जाताना ॲम्ब्युलन्समधल्या माणसाने विचारलं, "यांना बाहेर कुणी काढलं?" मी सासूबाईंकडे बोट केलं. त्याने त्यांचा चिखलाने भरलेला हात दोन्ही हातांत धरला. सासूबाईंनी मला विचारलं, "काय म्हणतोय?" मी त्यांच्या दुसऱ्या हातावरचा चिखल पुसत राहिले.

सगळे गेल्यावर आम्ही ऑफिसात बसलो. कोरडे कपडे व्हॅनमध्ये, आणि व्हॅन लिमरिकला. सासूबाई ओल्या साडीतच खुर्चीवर बसल्या आणि खिडकीबाहेर बघत बोलायला लागल्या. बाळंतिणीच्या खोलीत शेक द्यायला बाजेखाली शेगडी ठेवतात. थंडीच्या दिवसांत वारा लागू नये म्हणून दारंखिडक्या लावून घेतात. त्यांच्या नोकरीत कोळशाच्या विषारी वायूने बेशुद्ध झालेल्या अशा दोन बायका त्यांनी खोलीबाहेर ओढल्या होत्या.

"एक जगली," त्या म्हणाल्या. दुसरीबद्दल मी विचारलं नाही.

मग मी त्यांना सांगितलं, की तो ट्रे मी विकला, आणि पाऊस आला तर आत ओढून घ्या असंही मीच म्हणाले. त्या साडीचा ओला पदर पिळत राहिल्या. समजूत घातली असती तर मला सहन झालं नसतं.

"तिला सांगणार का?"

"हो."

"सांग."

पाचला मालक आला. त्याची पहिली ओरड ऐकू आली, "माझं गेट कुणी काढलं?" मी बाहेर जाऊन सगळं सांगितलं, ट्रे विकताना मी काय म्हणाले होते तेही. ऐकता ऐकता त्याने टाय सैल केला, मग पायरीवरच बसला. चेहरा पांढरा पडला होता. मग म्हणाला, "तू काय बोललीस ते कुणाला सांगू नकोस. विम्याची भानगड होईल."

"मी त्यांना सांगणार आहे."

"मग तुझं तू बघ."

संध्याकाळी नवरा परत आला. मुलाखत बरी झाली नव्हती. तो म्हणाला, उद्याच निघू. पण कुठे? लिमरिकचं घर गेलेलं, सासूबाईंच्या परतीला तीन आठवडे. व्हॅनमध्ये तिघं गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "कागद घे." त्या सांगत गेल्या, मी इंग्रजीत लिहीत गेले. तुम्ही नसाल तेव्हा कुणाला विचारायचं. गेटची दुसरी किल्ली कुठे असेल. फोन कधी सुरू होणार. या जागेचा पूर्ण पत्ता काय, दवाखाना किती लांब. गॅसच्या टाक्या आणि विजेचं मुख्य बटण कोण दाखवणार. कामाचे तास किती, सुट्टीचा दिवस कुठला. कुणाला काही झालं तर जबाबदार कोण, हा शेवटचा.

सकाळी मी तो कागद मालकासमोर ठेवला. त्याने चष्मा लावून वाचला. कान लाल झाले. मग उठून गावात गेला आणि तासाभरात आणखी दोन किल्ल्या करून आणल्या. एक ऑफिसातल्या खिळ्याला अडकवली, एक मला दिली. पत्ता स्वतःच्या हाताने पुठ्ठ्यावर लिहून फोनशेजारी लावला, फोन दोन दिवसांत सुरू झाला. बार्बेक्यूचे ट्रे विकणं बंद केलं. तास आणि सुट्टीबद्दल मात्र म्हणाला, "असलं आम्ही कधी केलं नाही." आणि शेवटच्या प्रश्नावर त्याने कागद उलटा करून ठेवला.

तिसऱ्या दिवशी निळ्या तंबूतली ती बाई नवऱ्याबरोबर सामान न्यायला आली. मुलगी आजीकडे होती, बरी होती. मी रात्रभर जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवलं नाही. एवढंच म्हणाले, "पाऊस आला तर आत घ्या असं मी तुम्हाला सांगितलं होतं."

तिचा नवरा ताठ झाला. ती हातातली पिशवी खाली ठेवून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मला आठवत नाही. त्या दुपारचं मला काहीच आठवत नाही." आणि पुढे, "पण सांगितलंत ते बरं केलंत." तिचा नवरा मात्र माझ्याशी एक शब्दही बोलला नाही, आणि तो चुकला असं मला कधी वाटलं नाही. ती जाताना सासूबाईंच्या गळ्यात पडून रडली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

आम्ही सासूबाईंच्या विमानापर्यंत तिथे राहिलो आणि मग निघालो. मालकाने पगार चोख दिला, हात मिळवला, पण पुढच्या वर्षी या असं म्हणाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नवऱ्याला डंडॉकला काम मिळालं होतं, पण कंत्राटी, सहा-सहा महिन्यांचं. मला अजून नव्हतं. एप्रिलमध्ये मी पुन्हा कॅम्पसाइटांना फोन करायला लागले. या वेळी कागद समोर होता. पहिल्या ठिकाणी चौथ्या प्रश्नावर तो माणूस म्हणाला, तुम्ही कामाला येताय की तपासणीला? दुसऱ्या ठिकाणी, कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही. नवरा म्हणाला, "थोडे कमी विचार." मी कमी केले नाहीत, पण मनातून घाबरले होते. हे वर्षही असंच जाणार का?

तिसऱ्या ठिकाणी फोनवर एक बाई होती. तिने एकेकाचं उत्तर दिलं, सुट्टीचा दिवस मंगळवार म्हणून सांगितला. जबाबदार कोण, यावर मात्र अडखळली. "खरं सांगू? मला माहीत नाही," ती म्हणाली. "विचारून सांगते."

त्याच दुपारी तिचा फोन आला. तिने विमा कंपनीला विचारलं होतं, आणि जबाबदार तीच, हे उत्तर तिला फारसं आवडलेलं नव्हतं. तरीही तिने ते मला जसंच्या तसं वाचून दाखवलं.

मे अखेर मी तिथे रुजू झाले. पहिल्या दिवशी बारीक पावसात ती मला दोन तास फिरवत होती. हा गॅसचा कॉक, हा पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह, हा मागचा रस्ता जिथून मोठी गाडी येते. प्रत्येक ठिकाणी ती मला स्वतः फिरवून, बंद करून, उघडून बघायला लावत होती. माझे बूट पूर्ण भिजले होते. तिने विचारलं, कंटाळलीस का? मी म्हणाले, नाही, पुढचं दाखवा.